काजळी

मिलच्या रंगखात्यात माझं काम एवढंच:
दोन चिंध्यांच्या मधे तिसरी धरायची
आणि सांगायचं,
ह्याहून गडद, त्याहून फिकी.
भोंगा बंद पडला. डोळे उरले.

आता परदेशीपुऱ्यातल्या गच्चीवर
टाकीला पाठ टेकून
उत्तर मुकुटातला तो एक
मी दोन ताऱ्यांच्या मधे धरतो.
सहा पूर्णांक शून्य. सहा पूर्णांक शून्य.
अकरा वर्षं वहीत तेच.
सूनबाई म्हणते, त्यापेक्षा सराफ्यात जात जा,
पोटात तरी काही जाईल.

वैशाखात एका रात्री सहा पूर्णांक नऊ.
(आकडा वाढला की तेज उतरतं, पगाराच्या उलट.)
चष्मा पुसला. तासभर थांबलो.
मग नलिनाक्षीबाईंना फोन:
त्यांच्या डोंगरावरचा आरसा
माझ्या न्हाणीघराहून रुंद.
"पक्का?"
"बाई, शेड चुकत नाही माझी."
त्यांनी आरसा वळवला.

चौथ्या रात्री त्यांनीच सांगितलं,
तारा काजळी ओकतो
आणि स्वतःच तिच्याआड जातो.
मी समोर पाहिलं.
चिमणी अजून उभी आहे,
तिच्यावर पिंपळ उगवलाय.

आता तो माझ्या दुर्बिणीत येत नाही.
त्यांना दिसतो, त्या कळवतात:
अकरा. बारा. साडेतेरा.
तरी मी वर जातो,
मोकळी जागा दोन ताऱ्यांच्या मधे धरतो
आणि लिहितो: आठच्या खाली, दिसला नाही.
बाई म्हणतात, हीसुद्धा नोंदच;
परतेल तेव्हा आधी तुम्हीच सांगाल.

"दिसला नाही" लिहिताना
अक्षर मी जरा नीट काढतो.