हिल्डाने सांगितलेला अर्थ

देवळाली कॅंपात इंग्रजी सिनेमा लागायचा
तोवर तो अमेरिकेत शिळा झालेला असे.
रिळांवर रेघांचा पाऊस,
आणि चुंबनाच्या ऐन आधी एक उडी,
कुठल्याशा गावच्या ऑपरेटरने
तेवढी फिल्म कापून स्वतःकडे ठेवलेली.

आमचा पुंजाराम मामा तिथे मशीन चालवी.
शनिवारी तीनच्या शोला मी केबिनमध्ये,
मांडीवर वडिलांचा टेपरेकॉर्डर
(प्रेसच्या सोसायटीतून हप्त्याने घेतलेला,
अकरा हप्ते बाकी),
लाल नि काळं बटण एकदम दाबून
श्वास रोखलेला.

कॉलेजातली ती पोरं, त्यांच्या मोटारी,
त्यांचे एवढे मोठे फ्रीज,
मला त्यातलं काही नको होतं.
मला शेवटचं गाणं हवं असे.
नावं वर सरकू लागली की पब्लिक उठे,
खुर्च्या धाडधाड मिटत,
आणि मामा दिवे लावायला
दोन मिनिटं विसरे.
मुद्दाम.

म्हणून माझ्या कॅसेटवर
गिटारच्या मागे खुर्च्या आहेत,
मशीनची घरघर, मामाचा खोकला,
‘सरक रे, कार्बन बदलू दे,’
आणि एके ठिकाणी
फायरिंग रेंजवरून आलेला तोफेचा दणका.
ड्रम क्षणभर थांबतो, नेमका तिथेच पडलेला.
कित्येक महिने मला वाटायचं
की तो गाण्यातलाच आहे.

माझं इंग्रजी पाचवीपासूनचं.
हिल्डा कॉन्व्हेंटची, गार्ड परेरांची मुलगी.
रेल्वे क्वार्टर्सच्या मागे चिंचेखाली
ती स्पीकरला कान लावून बसे.
सेल उतरले की गाणारा जाड आवाजात रडू लागे,
मग आम्ही सेल उन्हात ठेवायचो
आणि ती पेन्सिलीने टेप मागे फिरवी,
परत तीच ओळ.

‘तो म्हणतो,
तू जाशील तेव्हा सांगून जा.’
‘तो म्हणतो, मी पुलावर थांबते,
थांबतो,
सिग्नलची बत्ती लागेपर्यंत.’
कुठल्या पुलावर, मी विचारलं.
‘असेल ना तिकडे एखादा,
आपल्या विहितगावच्यासारखा.’

मी सगळं भूगोलाच्या वहीच्या
शेवटच्या पानावर उतरवून घेतलं.
खाली रेघ मारली. शुद्धलेखन तपासलं.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात परेरांची बदली झाली,
भुसावळला.
ती सांगून गेली की नाही, आठवत नाही.
खरं तर आठवतं.
मी ओट्यावर बसून
तुटलेल्या टेपला सेलोटेप लावत होतो.
ती फाटकाशी उभी राहिली,
‘जोडली गेली का?’ विचारलं.
मी म्हटलं, थांब, हलू नकोस, वाऱ्याने उडतंय.
ती थांबली थोडा वेळ.

परवा जेल रोडच्या घरात
केतकीने मला गुणगुणायला लावलं,
फोन तोंडापुढे धरून.
शब्द नाहीत, नुसता सूर,
तोही माझा, सर्दीतला.
फोनने गाणं ओळखलं.

किती स्वच्छ. एक खुर्ची नाही.
खाली शब्द सरकत होते, अर्थासकट:
शुक्रवारची रात्र, बापाची मोटार,
‘चल नाच’, ‘चल नाच’,
केतकीने मोजलं, सतरा वेळा.
पूल नव्हता.
बत्ती नव्हती.
मी आणखी एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं.

‘बाबा, तुम्ही तर म्हणायचात
कुणीतरी पुलावर थांबतं.
कोण थांबतं मग?’

आवाज वाढव, म्हटलं.
ते दुसरं कडवं येतंय.
ड्रम थांबला.
तोफ पडली नाही.
मी मांडीवर थाप मारली,
बरोबर जागेवर.