आडवं कुंपण

दर सहा वर्षांनी माझ्या वाट्याला येतं हे कुंपण.
काळ्या रंगाचा डबा, दोन इंची ब्रश,
गुडघ्यांखाली टाकायला पोतं.
कामाच्या कागदावर एकच ओळ:
डेप्टफर्ड, विटांची इमारत, लोखंडी जाळी, एकशे बारा फूट.

पहिल्या खेपेला वाटलं, करणाऱ्याचा हात चुकलाय.
प्रत्येक जाळीच्या दोन्ही टोकांशी
दांडा अचानक वाकतो,
चार बोटं बाहेर येतो,
आणि पुन्हा सरळ होतो, काही झालंच नाही असा.
चुका इतक्या,
आणि सगळ्या इतक्या सारख्या?

तळमजल्यावर आयव्ही पेलो राहायची. ब्याण्णव वर्षांची.
मला चहा आणायची, तो पोचेपर्यंत गार व्हायचा,
पण आणायची.
त्या दिवशी कप पायरीवर ठेवून म्हणाली,
"टेरेन्स, हे आडवं कर."
काय आडवं करू?
"डोक्यात रे. कुंपण आडवं कर."

केलं.
जाळीची खाट झाली,
वाकलेल्या दांड्यांचे पाय झाले.
जमिनीपासून तेवढंच अंतर,
जेवढ्यात काळोखात हात घालता येतो
आणि बोटं चेंगरत नाहीत.

"स्ट्रेचर," ती म्हणाली. "सगळी.
तू माणसांच्या पाठी रंगवतोयस."

पोलादाची का, तर विषारी वायू येणार होता.
कापड वायू पिऊन बसतं, लोखंड पाण्यानं धुता येतं.
आधीच हिशेब करून, हजारोंनी बनवून ठेवली.
वायू आलाच नाही.
बॉम्ब आले, रोज रात्री, वेळेवर.

इथे आधी दुसरं कुंपण होतं, भाल्यांच्या टोकांचं.
ते कापून नेलं, त्याची विमानं होणार म्हणे.
झाली का?
"कोण जाणे. काही म्हणतात, नदीत बुडवलं.
मी पुष्कळ विमानं पाहिली,
एकालाही टोकं नव्हती."

मग लढाई संपली.
गोदामात स्ट्रेचरं उरली, घरांपुढे नुसती भोकं.
कुण्या काटकसरी कारकुनानं
दोन्ही यादी शेजारी ठेवल्या असतील.
त्याचं नाव कुठेच नाही.
मला तो आवडतो, आणि आवडत नाही.

आयव्ही तेव्हा सतराची.
पुढचं टोक डॉर्कस मिचमचं, मागचं हिचं.
"पुढच्याला रस्ता दिसतो," ती म्हणायची,
"मागच्याला चेहरा.
म्हणून मला इथले रस्ते आजही नीट येत नाहीत."

एक खाटीक वाटभर माफी मागत राहिला,
बुटांना चिखल होता म्हणून.
एका बाईनं स्वतः उठून बसत
शिवणयंत्र आधी न्यायला लावलं.
ते माणसापेक्षा जड निघालं.
बाई मागून चालत आली, एका पायात चप्पल.
आणखी एकाचं ती सांगायला लागली,
मग म्हणाली, "तुझा चहा गार झाला."
तो आधीपासूनच गार होता.

आता तिच्या घरात दुसरे लोक.
नववी जाळी खरवडताना
रंगाचे सात थर सोलले गेले, खाली एक आकडा लागला: ४१६.
बराच वेळ ब्रश हातात धरून बसलो.
मग त्यावरही रंग मारला. कामच ते.
पण जरा पातळ मारला.

तिसऱ्या मजल्यावरचा केहिंदे चेंडू शोधत आला.
"हे वाकडं का?"
सांगितलं, थोडक्यात.
त्यानं मान तिरकी करून जाळीकडे पाहिलं.
"टोचत असेल."
टोचत असेलच.
"ब्लँकेट नव्हतं?"
असायचं. दर वेळी पुरायचं नाही.

हात लावू नकोस, म्हटलं, रंग ओला आहे.
त्यानं आधीच लावला होता.