बावीस धागे

गेनोवेफा, काल जिन्यात तू विचारलंस,
म्हणजे विचारलं असावंस; ट्राम जात होती,
तुझे ओठ हलले, बोट माझ्या डोक्यावरच्या चकतीकडे होतं:
हिच्यात आणि माझ्या मशीनमध्ये फरक काय?

उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं,
आणि तुला ऐकूही गेलं नसतं.
म्हणून लिहून तुझ्या पत्रपेटीत टाकते आहे.

गिरणी आठवते ना?
एका छताखाली तीनशे माग.
एकवीस वर्षं आपण हातांनी बोललो, ओठ वाचले.
मी कान तिथेच ठेवून आले.
पेन्शनच्या कागदावर त्याची नोंद नाही.

मग मशीन. तुझ्यासारखंच, बदामाएवढं.
त्या बिचाऱ्याला दोष देत नाही.
कानात जे उरलंय ते ते मोठं करायचं.
जे उरलंच नाही ते कुठून आणणार?
विरलेल्या कापडाला कितीही इस्त्री फिरव,
भोक काही भरत नाही.
स्वर यायचे, दारात अडून बसायचे,
व्यंजनं मागे जिन्यातच.
आणि आपली भाषा तर अर्धी कुजबुजीचीच:
श, श्च, च, झ्ज.
सुखाला आपण श्चेंश्चे म्हणतो.
मला नुसतं एं… ए.
वाढदिवसाला नातीने फोनवर एं-ए म्हटलं,
मी म्हटलं, हो, जेवले.

नवऱ्याचं नाव झ्जीस्वाफ.
शेवटी शेवटी त्याचंही ई… आ झालं होतं.

आता हे.
कातडीखाली हाडावर एक बटण, बाहेर चुंबकाने चिकटलेली चकती,
आणि कानाच्या शंखात वळत गेलेली तार.
तारेवर बावीस ठिपके.
ते कानाला विचारतच नाही.
मोडलेला जिना सोडून
थेट वरच्या मजल्यावर नसेचं दार ठोठावतं.
ओल्गिएर्द, तो मशीन जुळवणारा पोरगा, म्हणाला,
धडक्या कानात हजारो केसपेशी असतात.
मी म्हटलं, म्हणजे ताण्याला हजारो धागे होते
आणि तू बावीस देतोस.
तो हसला. मी नाही हसले.
बावीस धाग्यांवर मी आयुष्यात काही विणलं नव्हतं.

महिन्याने चालू केलं, तेव्हा तो आवाज नव्हताच.
खिळे. पत्र्यावर सांडलेले खिळे.
त्यातच कुठेतरी लुत्सिना ‘आई’ म्हणत होती,
ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.
मग रोज सकाळी ती म्हणायची, मी परत म्हणायचे:
बीट, बटाटा, शेपू. मार्च, मे.
सातव्या आठवड्यात ती पाठमोरी पुटपुटली,
हिला कंटाळा कसा येत नाही?
नाही येत, मी म्हटलं.
तिच्या हातून झाकण पडलं.
तेही ऐकलं.

पण एक गोष्ट त्या चकचकीत पुस्तिकेत नाही.
ओल्गिएर्दने आधीच बजावलं होतं,
ज्या कानात तार जाईल तिथलं उरलंसुरलं जाऊ शकतं,
आणि गेलं की गेलं.
मी उजवा दिला. उजव्यात काही नव्हतंच.
डाव्यात अजून थोडी घरघर आहे, तिथे जुनंच मशीन.
झ्जीस्वाफची एक कॅसेट आहे,
गच्चीवरून कबुतरांना बोलावतोय, मध्येच खोकतोय.
उजव्याने ऐकली, तर कुणी पत्र्याचा माणूस
स्वच्छ शब्दांत कबुतरांना शिव्या देत होता.
(देत असे तो, हे मला आत्ता कळलं.)
डाव्याने ऐकली, तर एकही शब्द नाही,
नुसतं छातीतलं वजन.
दोन्ही लावून अजून ऐकली नाही.

तुझं मशीन तुला पुरत असेल तर खुशाल वापर.
पुरत नसेल तर मंगळवारी चल, मी येते;
ते आधी तपासतात, सगळ्यांना तार घालत नाहीत.
आणि नऊनंतर दार वाजवू नकोस.
तेव्हा चकती बशीत असते,
मी गिरणी बंद पडल्यासारखी बसलेली असते,
बरं वाटतं.
समोरच्या खिडकीतून दिवा दोनदा लाव.