गृहीतक

नंदनवनातल्या आमच्या बोअरच्या पाण्यात
साबणाला फेस येईना.
आई म्हणाली, "तो हेडाऊ नकली माल देते आपल्याले."
मी प्रयोगवहीत तेच लिहिलं, जरा सभ्य करून:
गृहीतक – साबण खोटा आहे.

उके मॅडमनी वाचलं. हसल्या नाहीत.
"एकच गोष्ट बदल," म्हणाल्या,
"बाकी सारं धरून ठेव."

म्हणून तोच साबण, तेवढेच वीस थेंब,
तेवढंच हलवणं, मनात आकडे मोजत.
एका परीक्षानळीत बोअरचं पाणी,
एकीत नळाचं, कन्हानवरून आलेलं,
एकीत ऊर्ध्वपातित,
ज्याला कुठल्याच गावची चव नसते.

ऊर्ध्वपातित फेसानं गळ्यापर्यंत आलं.
कन्हानचं अर्ध्यावर.
आमच्या पाण्यावर नुसता
फाटल्या दुधासारखा साका.

पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं,
कारण, खरं सांगते,
मला हेडाऊ चोर निघायला हवा होता.
नळीनं ऐकलं नाही.

मग आठवल्या घरच्या कूलरच्या ताट्या,
दर उन्हाळ्यात त्यांवर चढणारा पांढरा थर.
उत्तर तिथंच वाळत होतं इतकी वर्षं,
आम्ही ते झाडूनं पाडायचो.

वहीत खोडायचं नसतं.
एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.
तशी मारली, 'खोटा'वरून.

संध्याकाळी पावभर पोहे आणायला गेले.
हेडाऊनं सुट्टे पैसे दोनदा मोजून दिले,
नेहमीसारखे.
नेहमीसारखे, हे मला आज दिसलं.