हिवराचं वळण

फॉर्मवर वयाचा रकाना होता.
मी छप्पन लिहिलं. टेबलामागचा पोरगा म्हणाला,
"काका, रायडरचं वय लिवा."

मीच रायडर, बाप्पा.
त्यानं पेन खाली ठेवला, मग पुन्हा उचलला
आणि शंभर रुपये सुटे मागितले.

मैदान तेच, शंकरपटाचं.
परवापर्यंत इथं बैल धावले,
शेण अजून पुरतं वाळलेलं नाही.
बांधापलीकडं तूर सोंगून झालेली,
खुंट उभे, टोकदार, तिरपे.

तेवीस वर्षं गाडी गोठ्यात होती, कडब्याखाली.
कारंज्याच्या रिजवान मिस्त्रीनं सायलेन्सर ठोकला,
आतून कुंभारमाशीचं घर पडलं.
पिस्टन नवा, रिंगा नव्या, क्लचप्लेटा नव्या.
"जुनं काय राह्यलं मंग?" मी विचारलं.
तो म्हणाला, "तुमी."

काहाले, असं सगळेच विचारतात.
नीट सांगता येत नाही.
लाइनमनची नोकरी, खांबावर चढण्यात जन्म गेला.
पोळ्याच्या आदल्या दिवशी उतरताना
पाय हवेत चाचपडला, आधार शोधत,
म्हाताऱ्याचा पाय शोधतो तसा.
संध्याकाळी घरी येऊन मी कडबा बाजूला केला.

वच्छला म्हणाली, "हाडं गोया कराले मी येनार नाई."
म्हणाली, आणि तिच्या गुडघ्याचा पट्टा
उशीखालून काढून माझ्या पिशवीत कोंबला.
तोच आज पॅन्टच्या आत, घामानं ओला,
बामाचा वास मारतो.

नंबर सदतीस.
करवंटीत चुना कालवून बोटानंच काढला.

चौदा गाड्या. टू-स्ट्रोक माझी एकटी,
निळा धूर एकटीचा.
भोंग्यावरचा म्हणाला, "आन् हे आपले दिवाकरभाऊ ठोंबरे,
पोरंहो, वयाचा मान ठेवा, वाट द्या!"
लोक हसले. हेल्मेटच्या आत मीही.
कोणाची तरी लाल ओढणी खाली पडली
आणि गेलो.

पहिला फेरा हातांनीच मारला, मला विचारलं नाही त्यांनी.
दुसऱ्यात मनगटं बोलायला लागली.

त्या काळी वळणावर हिवर होता.
हिवर दिसला की दोन गियर खाली,
ब्रेकला बोटही लागायचं नाही,
सावली अंगावरून जायची ती थंड, एका श्वासाची.
त्या सावलीतून बाहेर पडताना
मी कोणाचाच नसायचो.

तिसऱ्या फेऱ्यात प्रज्योत गावंडेच्या चाकानं
काळी माती फेकली चष्म्यावर.
पुसायला हात कुठला?
मी डोळ्यांनी पाहणं सोडलं,
आठवणीनं पाहू लागलो,
आणि आठवणीत हिवर होता.
आता येईल. आला की गियर.
आता येईल.

आलं ते तुरीचं शेत.

ढेकळं मऊ नसतात, हे विसरलो होतो.
पडल्या पडल्या आधी पाहिलं, कोण पाहतंय.
एक बाई सरवा वेचत होती, ओच्यात शेंगा.
"लागलं का जी?" म्हणाली,
आणि उत्तराची वाट न पाहता
मागचं चाक धरून उचलू लागली.
हँडल वाकडं. किक चौथी.
निघताना तिच्या तोंडावर सगळा धूर सोडला,
त्याची लाज अजून आहे.

चौदातून अकरावा आलो.
तिघं पोचलेच नाहीत, म्हणजे शेवटचा.

सांजेला रसवाला घुंगरं सोडून ठेवत होता.
मी लंगडत पायी गेलो वळणावर.
मातीत बुंधा सापडला, आरीनं सपाट केलेला,
मुंग्यांच्या रांगेसकट.
किती दिवस झाले असतील, कोणी सांगितलं नाही.
मीही तेवीस वर्षं विचारलं नव्हतं.

करवंटीत थोडा चुना उरला होता.
बुंध्यापासून मागं पावलं मोजली.
दहावर थांबलो. थांबून विचार केला.
आणखी दहा मोजली.
तिथल्या दगडावर रेघ ओढली, जाड, दोनदा.

प्रज्योत गाडी ढकलत चालला होता, साखळी तुटलेली.
"काका, काय करून राह्यले?"

"ब्रेक लावून राह्यलो," म्हणालो.