लिंबूटिंबू

ग्रिम्स्बीच्या गोदीजवळ, मासे धुरावण्याच्या बंद कारखान्यावर
एक खोली आहे. जिन्याला अजून हॅडकचा वास येतो.
दर गुरुवारी सात वाजता आम्ही तिथे जग वाचवतो,
म्हणजे तसं ठरवून बसतो;
बहुतेकदा दहापर्यंत एक पूलसुद्धा ओलांडून होत नाही.

छापील नियमांचं जाड पुस्तक टेबलाचा लंगडा पाय सावरतं.
खरे नियम कीथच्या वहीत,
ट्रॉलरच्या इंजिनाची जुनी नोंदवही ती:
डाव्या पानावर तेलाचा दाब, उजव्यावर आमची सामर्थ्यं.

डोरीनचा रानवट योद्धा एका श्वासात जितकं ओरडेल
तितकाच त्याचा संताप टिकायचा.
पण डोरीनला दमा. राक्षसासमोरच तिला धाप लागली.
कीथने पेन उघडलं: पंप ओढला तरी श्वास तोच धरावा.
रासा पहाटे चारला मासळी पॅक करायला जाते,
साडेनऊला तिची मान कलते. म्हणून लिहिलंय,
झोपलेला चोर कुणालाच दिसत नाही.
अशा झोपेत तिने दोन किल्ले लुटलेत.

मी वैदू. दिवसा दवाखान्यात म्हाताऱ्यांच्या पायांच्या पट्ट्या बदलते,
रात्रीही तेच, फक्त पाय ड्रॅगनने भाजलेले.
पुस्तकात स्पर्श केला की जखम भरते.
कीथ म्हणाला, इतकं सोपं नसतं, आधी तिचं नाव घे.
इंग्रजीतली नावं महिन्याभरात संपली. मग आपली काढली:
ओरखडा, चीर, खोक, चटका, लचक.
एकदा म्हणाले, मुका मार.
म्हणजे?
रक्त नाही, वळ नाही. आत दुखतं, आणि बोलत नाही.
तो बराच वेळ डाव्या पानाकडे बघत राहिला.
मग उजवीकडे लिहिलं: मुक्या माराला एक फासा जादा.

रोवन आला तेव्हा सात वर्षांचा.
आईची रात्रपाळी, म्हणून आजोबांबरोबर.
पहिल्याच रानात त्याच्या धनुर्धराला लांडग्यांनी घेरलं
आणि फासा पडला: एक.
त्याची हनुवटी हलायला लागली. कुणी बोलेना.
माझ्या तोंडून निघून गेलं, तो लिंबूटिंबू आहे!

मग कराडच्या आमच्या गल्लीचं सगळं सांगावं लागलं:
धाकट्याला खेळायला घेतात, पळू देतात, लपू देतात,
त्याच्यावर राज्य मात्र येत नाही. तो बाद होत नाही.
रोवनला वाटलं, ही एखादी जमात असावी, फार जुनी.
आपल्या कागदावर धनुर्धर खोडून त्याने तेच लिहिलं,
स्पेलिंग मला विचारून.

पाच वर्षं तो कड्यांवरून उड्या मारत होता,
ड्रॅगनच्या जबड्यात डोकं घालून दात मोजत होता.

गेल्या गुरुवारी त्याने वही मागितली.
आवाज फुटलेला, मनगटं बाहीबाहेर आलेली.
पट्टी ठेवून ती ओळ सरळ खोडली.
म्हणाला, पुलावरून जाताना तुम्ही सगळे खाली बघता.
मला कधी बघावंसंच वाटलं नाही.

नियम माझा, म्हणून कीथने सही माझी घेतली.
मी मराठीत केली.

मग पूल. दोर कुजलेले, खाली काळं पाणी.
रोवनने खाली बघितलं.
फासा त्याने कधी नव्हे तो दोन्ही हातांत घोळवला.

पावणेदहाला डोरीनचा योद्धा भाल्याने पडला.
वैदू, आहे का एखादा उपचार शिल्लक?
नाही, म्हणाले. संपले.
होता एक.
कीथला माझा हिशेब पाठ असतो.
त्याने वहीत काही लिहिलं नाही,
फक्त टोपण लावलं, आणि चहा ओतायला उठला.