साडेबावीस

बोट बुडाल्याच्या चौथ्या दिवशी
वेतेच्या शाळेत, बर्फाच्या लाद्यांमध्ये
एकसष्ट नंबरला चेहरा उरला नव्हता.
दोन आया त्याला आपला म्हणत होत्या.
दोघींनाही मी नाही म्हटलं.
नुसत्या डोळ्यांवर सोडायचं नाही, असा नियम;
डोळे ज्याला शोधतात तोच त्यांना दिसतो.

मग मकामे शिंपी आला, न बोलावता,
काखेत मापांची वही.
शर्ट दाखवा म्हणाला, माणूस नको.
बाही उलटी करून शिवण चाचपली,
तांदळातला खडा शोधावा तशी.
वहीत बोट थांबलं :
छाती छत्तीस. उजवी बाही तेवीस.
डावी साडेबावीस.
"लवंगेच्या झाडावरून पडला होता पोरगा.
वैदूनं हात बसवला. आई सांगते, होता तसा झाला.
अर्धा इंच मी बाहीत मुरवला."

एक्स-रेत जुना सांधा निघाला, वाकडा.
दुपारी हसऱ्या फोटोतला तुटका दात जुळला.
नंबर खोडून मी लिहिलं : शेहे फकी.
एक आई मटकन खाली बसली.
दुसरी उठून बासष्टकडे गेली.

मकामे अजून वहीतच.
त्या पानावर तीन हजार शिलिंग उधारी.
रेघ मारू का, त्यानं विचारलं,
मला, जिला फक्त फॉर्म भरता येतात.

बाहेर कुणी कापड फाडत होतं,
पांढरं, एका सरळ रेषेत.
"त्याला बाह्या नसतात," तो म्हणाला.
चष्मा पुसला.
"पुढचा शर्ट आणा."